मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि रक्ताची जनुकीय तपासणी: सांगली-मिरजेत पैसे कशावर घालावेत

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी 'रक्ताची जनुकीय तपासणी' म्हणून सांगली-मिरजेच्या कलेक्शन सेंटरवर जे विचारलं जातं, त्यात खरं तर पाच निराळ्या तपासण्या दडलेल्या असतात. एक निरोगी माणसात कॅन्सर शोधते. दुसरी, कॅन्सर झालेल्याला कोणतं औषध लागू पडेल ते सांगते. तिसरी ऑपरेशननंतर काही मागे राहिलंय का ते पाहते. चौथी घराण्यातून आलेला दोष शोधते आणि पाचवी केमोचं औषध अंगाला झेपेल का ते. पाचही वेळा हातातून रक्तच जातं, त्यामुळे पेशंटला आणि कित्येकदा काउंटरवरच्या माणसालाही त्या सारख्याच वाटतात. किमतीत मोठा फरक आहे, उपयोगात त्याहून मोठा.

आमचा कौल आधीच सांगतो. औषध ठरवणारी तपासणी चौथ्या टप्प्यातल्या, म्हणजे कॅन्सर दूर पसरलेल्या पेशंटला, तीही गाठीचा तुकडा अपुरा असेल तेव्हा, पैसे वसूल करून देते. घराण्यातल्या दोषाची तपासणी योग्य कुटुंबाने केली तर पुढच्या पिढीच्या कामी येते. केमोआधीची छोटी तपासणी जितकी उपयोगी आहे तितकी सांगितली जात नाही. ऑपरेशननंतरची तपासणी सर्जन किंवा ऑन्कोलॉजिस्ट तिच्यावर काही ठरवणार असेल तरच घ्यावी. आणि निरोगी माणसाने हेल्थ पॅकेजमध्ये जोडून घेतलेली 'कॅन्सर शोधणारी' तपासणी आज तरी आम्ही सुचवणार नाही.

त्या शेवटच्या तपासणीपासून सुरुवात करू, कारण जाहिरात तिचीच जास्त होते.

आतड्यातली गाठ वाढताना तिच्या मरणाऱ्या पेशी डीएनएचे छोटे तुकडे रक्तात सोडतात. त्यांची लांबी साधारण १६६ बेसच्या आसपास असते आणि ते रक्तात फार टिकत नाहीत, मिनिटांपासून दोन-अडीच तासांत निम्मे संपतात. या तुकड्यांवरच्या रासायनिक खुणा, म्हणजे मेथिलेशन, पाहून आतड्यात कॅन्सर असावा का याचा अंदाज बांधतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, एप्रिल २०१६ मध्ये सेप्ट९ या जनुकाच्या मेथिलेशनवर आधारलेल्या एपी प्रोकोलोनला मान्यता दिली आणि जुलै २०२४ मध्ये गार्डंट कंपनीच्या शील्डला, तीही ४५ वर्षांवरच्या, सर्वसाधारण धोक्याच्या माणसांसाठी. शील्डच्या मोठ्या अभ्यासात ७,८६१ जणांचं रक्त कोलोनोस्कोपीशी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं पाहण्याशी) ताडून पाहिलं होतं. कॅन्सर असलेल्यांपैकी ८३ टक्के सापडले. मात्र कॅन्सर होण्याआधीचे मोठे पॉलिप (आतड्याच्या आतून येणारे कोंब) सापडले फक्त १३ टक्के. आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचा खरा फायदा पॉलिप कॅन्सर व्हायच्या आधी काढून टाकण्यात आहे, आणि नेमका तोच इथे निसटतो. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. कोलोनोस्कोपी त्या दहा वर्षांत केव्हाही त्याला पकडून तिथेच कापून काढते. रक्त तसं करू शकत नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. समजा हजार माणसांत पाच जणांना कॅन्सर आहे. ८३ टक्क्यांच्या हिशेबाने चार सापडतील, एक सुटेल. उरलेल्या ९९५ निरोगी माणसांत दर दहात एक चुकीचा पॉझिटिव्ह येतो, म्हणजे जवळपास शंभर. पॉझिटिव्ह आलेल्या १०४ पैकी १०० जणांना कॅन्सर नसतो, पण कोलोनोस्कोपी सगळ्यांनाच करावी लागते. आणि आपल्याकडे या वयात हा कॅन्सर अमेरिकेपेक्षा कमी आढळतो, तेव्हा खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण आणखी चढतं. त्यातून निगेटिव्ह आलेला माणूस निर्धास्त होतो, हे सर्वांत वाईट.

जिल्ह्यात कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याने जा, 'मूळव्याध, भगंदर, हमखास इलाज' असे बोर्ड दिसतात. संडासवाटे रक्त जाणारा, शौचाची सवय बदललेला, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलेला माणूस तिथे महिनोन्महिने मलम लावून काढतो. अशा माणसाला रक्ताच्या जनुकीय तपासणीची अजिबात गरज नाही. त्याला डॉक्टरने बोट घालून गुदाशय तपासणं आणि कोलोनोस्कोपी, या दोन गोष्टी लागतात. पन्नाशीच्या पुरुषात लोह कमी पडून झालेला ॲनिमिया असेल तर रक्त जाताना दिसलं नसलं तरी कोलोनोस्कोपी करावी. खर्च कमी ठेवायचा असेल आणि लक्षण काहीच नसेल, तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट तपासणी वर्षातून एकदा करणं या सगळ्यापेक्षा परवडतं. फक्त मागताना 'फिट' असंच स्पष्ट मागा. साध्या लॅबमधली 'स्टूल ऑकल्ट ब्लड' बहुधा जुन्या पद्धतीची असते आणि आदल्या दिवशी मटण खाल्लं असलं तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. फिट माणसाच्याच हिमोग्लोबिनवर चालते, त्यामुळे पथ्य लागत नाही. आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर कोलोनोस्कोपी चाळिशीला किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा.

सीईए हा रक्ताचा 'कॅन्सर मार्कर' स्वस्त आहे म्हणून पॅकेजमध्ये घालतात. तो जनुकीय नाही आणि शोधायच्या कामाचाही नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात तो आपसूक वर असतो. निदान झाल्यावर, ऑपरेशनआधी आणि नंतर, तुलना करायला तो चांगला. एवढंच त्याचं काम.

आता कामाच्या तपासणीकडे, म्हणजे औषध ठरवणारी लिक्विड बायोप्सी: रक्तातल्या गाठीच्या डीएनएची तपासणी.

आतड्याचा कॅन्सर यकृतात किंवा फुप्फुसात पसरला की औषध ठरवायच्या आधी काही जनुकं पाहावीच लागतात. केरास आणि एनरास (दोन्ही मिळून 'रास') या जनुकांत बदल असेल तर सिटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही महागडी इंजेक्शनं चालत नाहीत, उलट नुकसान होऊ शकतं. सुमारे ४० टक्के पेशंटमध्ये केरास बदललेला असतो. ब्राफ जनुकातला व्ही६००ई हा बदल दहातल्या एखाद्यात असतो. तो असेल तर आजार जोरात चालतो आणि त्याला एन्कोराफेनिब व सिटुक्सिमॅबची जोडी देतात. डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असेल, म्हणजे एमएसआय-हाय, तर पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी केमोपेक्षा सरस ठरते. पसरलेल्या आजारात असे पेशंट शंभरात चार-पाचच असतात, पण त्या चार-पाचांचं नशीबच बदलतं. केरास जी१२सी या बदलासाठीही आता औषधं आली आहेत.

ही सगळी उत्तरं गाठीच्या तुकड्यातूनही मिळतात, आणि तुकडा चांगला असेल तर आधी तिकडेच जावं. ऑपरेशनचा ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) हातात असताना चौपट पैसे घालून रक्त देण्यात अर्थ नाही. एमएसआयसाठी तर ब्लॉकवर चार प्रथिनांचं स्टेनिंग (रंग देऊन ती आहेत का ते पाहणं), एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६, हे पुरेसं असतं आणि बऱ्याच कमी पैशांत होतं.

तुकडा वाया कसा जातो हे सांगणं इथे गरजेचं आहे, कारण ते टाळता येतं. कोलोनोस्कोपीत काढलेले कण ताबडतोब १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये जायला हवेत, आणि ६ ते ७२ तासांत पुढची प्रक्रिया व्हायला हवी. छोट्या नर्सिंग होममध्ये कधी सलाइनमध्ये ठेवतात, कधी बाटलीतून मोजमापाविना फॉर्मलिन ओततात, कधी लॅबचा माणूस येईपर्यंत शनिवार-रविवार निघून जातो. फॉर्मलिनमध्ये जास्त दिवस राहिलेला डीएनए तुटतो आणि नसलेले बदल दाखवतो. मग लॅबकडून 'डीएनए अपुरा' असा निरोप येतो. कधी कण इतके बारीक असतात की निदानाच्या स्लाइड कापतानाच संपतात. अशा पेशंटला पुन्हा यकृताची सुई घालायची की रक्त द्यायचं, हा प्रश्न येतो आणि तिथे लिक्विड बायोप्सीचं उत्तर चांगलं आहे. दोन नळ्या रक्त, भूल नाही, रक्तस्रावाची भीती नाही.

दुसरी जागा म्हणजे उपचार चालू असताना आजार पुन्हा उचल खातो तेव्हा. सिटुक्सिमॅबवर असलेल्या पेशंटच्या गाठीत हळूहळू रासचे नवे बदल तयार होतात. औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ते रक्तातून ओसरतात. ते ओसरल्याचं रक्तात पाहून त्याच गटातलं औषध, पॅनिटुमुमॅब, पुन्हा देण्याचा प्रयोग इटलीत क्रोनोस नावाच्या अभ्यासात झाला आणि २७ पैकी ८ जणांची गाठ आकसली. दोन वर्षांपूर्वीचा ब्लॉक हे सांगू शकत नाही. आजचं रक्त सांगतं.

पॅनेल (एकत्र पाहायच्या जनुकांचा संच) मागताना डॉक्टरच्या चिठ्ठीत एक गोष्ट नीट लिहून घ्या. नुसतं 'केरास' लिहिलं की स्वस्त पर्याय म्हणून कोडॉन (जनुकातल्या ठराविक जागा) १२ आणि १३ एवढंच पाहणारी तपासणी होऊ शकते. केरास आणि एनरास दोन्हींचे एक्सॉन (जनुकाचे भाग) २, ३ आणि ४ पाहायला हवेत, म्हणजे ६१, ११७, १४६ हे कोडॉनही त्यात येतात. अर्धी तपासणी 'रास नॉर्मल' म्हणून परत येते आणि पेशंटला लागू न पडणारं इंजेक्शन सुरू होतं.

नळी, गाडी आणि मे महिना

ही सेवा इथून घेताना सगळ्यात जास्त बिघाड होतो तो लॅबमध्ये नाही, सांगलीतल्या हातापासून पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळूरच्या मशीनपर्यंतच्या वाटेत.

गाठीचा डीएनए रक्तात अत्यंत कमी असतो. दोन नळ्या, म्हणजे २० मिली रक्तातून ८ ते १० मिली प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा पातळ भाग) मिळतो. त्यातून समजा ३० नॅनोग्रॅम डीएनए हाती आला. एका नॅनोग्रॅममध्ये जनुकसंचाच्या साधारण ३०० प्रती असतात, म्हणजे सगळ्या मिळून ९,०००. गाठीचा वाटा ०.१ टक्का असेल, तर बदललेले तुकडे फक्त नऊ. आता हीच नळी गरम गाडीत हिंदकळत गेली आणि पांढऱ्या पेशी फुटल्या, तर त्यांचा निरोगी डीएनए भसाभसा प्लाझ्मात मिसळतो. चिमूटभर केशरावर हळदीचं पोतं सांडावं तसं. नऊ तुकडे तिथेच असतात, पण आता लाखभरांत नऊ. मशीन 'आढळले नाही' म्हणतं आणि कागद बघणाऱ्याला काहीच चुकल्याचं कळत नाही.

म्हणून नेहमीची जांभळ्या बुचाची ईडीटीए नळी या कामाला चालत नाही, निदान इथून तरी नाही. ती वापरली तर चारेक तासांत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, तोही दोनदा फिरवून: पहिल्यांदा १,६०० जी वर दहा मिनिटं, मग वरचा प्लाझ्मा काढून १६,००० जी वर दहा मिनिटं. दुसऱ्या फेरीचं सेंट्रिफ्यूज साध्या लॅबमध्ये नसतं. त्यावर उपाय म्हणून पांढऱ्या पेशी फुटू न देणारी खास नळी येते. स्ट्रेक कंपनीची १० मिलीची नळी सर्वांत परिचित. ती ६ ते ३७ अंश सेल्सिअसमध्ये १४ दिवसांपर्यंत चालते.

त्या ३७ वर बोट ठेवा. एप्रिल-मेमध्ये सांगली, तासगाव, जतकडे पारा चाळिशीला टेकतो. बंद कुरिअर गाडीच्या पाठीमागे त्याहून वर जातो. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी उचललेलं पार्सल मर्यादेच्या बाहेर जाऊ शकतं. त्यावर कलेक्शन सेंटरची नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे गोठवलेले जेल पॅक थेट नळीला चिकटवणं, आणि ते ६ अंशांच्या खाली नेतं. दोन्ही चुकीचं. नळ्या आपल्या कव्हरमध्ये, थर्माकोलच्या डब्यात, खोलीच्या तापमानाच्या जेल पॅकमध्ये, मध्ये पुठ्ठा घालून ठेवायच्या. फ्रीजमध्ये नाही, फ्रीजरमध्ये तर नाहीच. रक्त संध्याकाळी काढून रात्रीच्या गाडीने पाठवलं तर उन्हाळ्यात निम्मी चिंता मिटते. सांगलीहून पुणे साधारण सव्वादोनशे किलोमीटर, साताऱ्याहून निम्मं. सातारा आणि कराड हायवेवरच असल्यामुळे तिथून पाठवणं सोपं जातं.

आठवड्याचा दिवसही पाहा. शनिवारी काढलेलं रक्त सोमवारपर्यंत कुणी उघडत नाही. सोमवार ते गुरुवार बरं. अनंत चतुर्दशीला मिरजेत मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या दोन दिवसांत पार्सल हलवायचा विचार करू नका. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की रस्ते बंद होतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १४ दिवसांची नळी अशा वेळी उपयोगी पडते, चार तासांची नाही.

रक्त काढणाऱ्याकडे या गोष्टी पाहा, निःसंकोच विचारा. नळीवरची एक्स्पायरी, कारण महागडी नळी कमी खपते आणि कपाटात जुनी होते. दोन्ही नळ्या खुणेपर्यंत भरलेल्या असाव्यात, कमी भरली तर औषधाचं प्रमाण बिघडतं. भरताना हात खाली झुकलेला असावा, म्हणजे नळीतलं रसायन शिरेत उलटं येत नाही. काढल्यावर नळी हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, हलवायची नाही. केमोसाठी छातीत बसवलेल्या पोर्टमधून काढू नये. तिथे हेपारिन असतं आणि हेपारिन पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडवतं. बारीक शिरेतून जोर लावून सिरिंजने ओढलेलं रक्त फुटतं, प्लाझ्मा गुलाबी दिसतो, आणि मग नव्याने रक्त द्यावं लागतं. उपाशी राहायची गरज नाही. पाणी पिऊन जा, शीर सापडते.

वेळही महत्त्वाची. ऑपरेशननंतर लगेच अंगात सगळीकडे डीएनए वाढलेला असतो, त्यामुळे निदान चार आठवडे थांबावं. केमोच्या मध्यावर गाठ शांत असते आणि कमी तुकडे सोडते, म्हणून औषध ठरवायची तपासणी उपचार सुरू व्हायच्या आधी किंवा आजार वाढल्याचं दिसल्यावर करावी. औषध लागू पडत असताना काढलेलं रक्त बऱ्याचदा रिकामं येतं आणि पैसे गेले म्हणून पेशंट लॅबला दोष देतो.

रिपोर्ट वाचताना

'आढळले नाही' आणि 'नाही' यात फरक आहे. बदल सापडला तर बहुतेक वेळा त्यावर विसंबता येतं. सापडला नाही तर आधी विचारायचं, गाठीचा डीएनए रक्तात होता तरी का? चांगला रिपोर्ट हे सांगतो: किती नॅनोग्रॅम डीएनए मिळाला, किती खोलवर वाचन झालं (एकेक जागा किती वेळा वाचली), किती टक्क्यांपर्यंतचा बदल पकडता येतो, ट्यूमर फ्रॅक्शन (रक्तातल्या डीएनएत गाठीचा वाटा) किती. यकृतात पसरलेला कॅन्सर रक्तात भरपूर डीएनए सोडतो. फक्त पेरिटोनियममध्ये (पोटाच्या आतल्या आवरणात) किंवा फुप्फुसात छोट्या गाठी असतील, किंवा म्युसिनस (बुळबुळीत द्रव तयार करणारा) प्रकार असेल, तर फार कमी. अशा पेशंटचा रिकामा रिपोर्ट म्हणजे 'रास नॉर्मल' नाही. तिथे परत ब्लॉककडे किंवा नव्या बायोप्सीकडे जावं लागतं. ज्या रिपोर्टवर हे आकडेच नाहीत, तो आम्ही अर्धा समजतो, कागद कितीही रंगीत असो. ट्यूमर फ्रॅक्शन कमी असताना एमएसआय आणि हर२ या जनुकाची वाढ रक्तात नीट कळत नाही, हेही रिपोर्टवर लिहिलेलं असावं.

उलट दिशेची गफलतही होते. वय वाढलं की रक्ताच्या पेशींमध्येच काही बदल साठतात, डीएनएमटी३ए, टेट२, एएसएक्सएल१ अशा जनुकांत, कधी टीपी५३ मध्येही. ते कॅन्सरचे नसतात. पांढऱ्या पेशींचा डीएनए सोबत तपासणारी लॅब हे वेगळं काढते. न तपासणारी सगळं एकाच यादीत टाकते. सत्तरीच्या पेशंटच्या रिपोर्टवर अशी नावं दिसली तर लॅबला फोन करून विचारा. आणि प्लाझ्मात एखादा बदल ५० टक्क्यांच्या आसपास असेल, विशेषतः एमएसएच२ किंवा एमएलएच१ मध्ये, तर तो गाठीचा नसून जन्मजात असू शकतो. तिथून घराण्याच्या तपासणीचा रस्ता सुरू होतो.

एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह बघून समाधान मानू नका. मान्यता लॅबला सरसकट नसते, एकेका तपासणीला असते. एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅबचा 'स्कोप' उघडून त्यात ही तपासणी आहे का, हे पाहता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

ऑपरेशननंतरची तपासणी

गाठ काढल्यावर रक्तात तिचा डीएनए उरलाय का, हे दोन पद्धतींनी बघतात. एकात आधी गाठीचा ब्लॉक वाचून त्या पेशंटचे खास बदल निवडतात आणि तेच रक्तात शोधतात. सिग्नाटेरा ही तपासणी अशीच चालते, १६ बदल निवडून. दुसऱ्यात ब्लॉक लागत नाही, ठरलेलं पॅनेल असतं. पहिली जास्त बारीक पकडते, पण वेळ जास्त घेते आणि ब्लॉक हवाच असतो.

दुसऱ्या टप्प्यातल्या (लसिकाग्रंथींत न पसरलेल्या) कोलन कॅन्सरसाठी ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक अभ्यासाने २०२२ मध्ये आधार दिला. ४५५ पेशंट होते. चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त घेऊन पॉझिटिव्ह आलेल्यांनाच केमो दिली. केमो घेणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आलं आणि दोन वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं राहिलं, ९३.५ आणि ९२.४ टक्के. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात, केमो द्यावी की नाही असा प्रश्न खरोखर असेल, तर ही तपासणी कामाची. तिसऱ्या टप्प्यात नुसत्या निगेटिव्ह रक्तावर केमो सोडून देण्याइतका आधार नाही. दर तीन महिन्यांनी नुसती धास्ती म्हणून करत राहण्यालाही नाही. स्कॅनच्या आधी कित्येक महिने रक्त पॉझिटिव्ह येऊ शकतं, पण स्कॅनमध्ये काहीच दिसत नसताना काय करायचं याचं उत्तर डॉक्टरकडे आधीपासून असायला हवं. ते विचारूनच पैसे भरा.

घराण्याचा दोष

ही तपासणी साध्या ईडीटीए नळीत, ३-४ मिली रक्तात होते. इथे गाठीचा डीएनए शोधायचा नसतो, पेशंटच्या प्रत्येक पेशीत असलेला शोधायचा असतो, त्यामुळे वरच्या नळीच्या कटकटी नाहीत. सर्वांत महत्त्वाचा लिंच सिंड्रोम: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ किंवा एपकॅममधला दोष. आतड्याच्या कॅन्सरच्या सुमारे ३ टक्के पेशंटमध्ये तो असतो. एपीसी जनुकातल्या दोषाने आतड्यात शेकडो पॉलिप येतात. आई किंवा वडील कुणाही एकाकडून आला तरी पुरेसा, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता.

क्रम महत्त्वाचा. आधी कॅन्सर झालेल्या व्यक्तीची तपासणी, नंतर निरोगी नातेवाइकांची. पेशंटमध्ये दोष सापडला की नातेवाइकांमध्ये तेवढी एकच जागा बघायची असते, खर्च बराच कमी होतो. पेशंटला सोडून निरोगी मुलाचं मोठं पॅनेल करून घेणं आणि ते निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो समजणं, हा पैशांचा आणि समजुतीचा दोन्ही घोळ आहे. त्याआधी ब्लॉकवरचं स्टेनिंग बघा. एमएलएच१ हरवलेलं दिसलं तर ब्राफ व्ही६००ई किंवा एमएलएच१ चं मेथिलेशन पाहून तो घराण्याचा नाही हे बहुधा ठरवता येतं.

वंशावळ काढताना आपल्याकडे नेहमी राहतं ते आईकडचं. वडिलांचे चुलते, आजोबा सगळे सांगतात, आईच्या माहेरची हकीकत कुणाला विचारायची सुचत नाही. आणि बायकांच्या बाबतीत 'पिशवी काढली' एवढंच ठाऊक असतं. का काढली, ते विचारा. लिंचमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर आतड्याइतकाच महत्त्वाचा. जुनी डिस्चार्जची फाइल ट्रंकेत सापडली तर तिची किंमत एखाद्या तपासणीएवढी आहे. तीन पिढ्या, प्रत्येकाचं आजाराच्या वेळचं वय, हे कागदावर लिहून न्या.

मामाच्या मुलीशी लग्न या भागात परकं नाही, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवाव्यात. एमयूटीवायएच या जनुकाचा पॉलिपचा आजार दोन्हीकडून दोष आला तरच होतो, आणि नात्यात लग्न असेल तर ती शक्यता वाढते. आई-वडील निरोगी, भावंडांत पॉलिप, असं चित्र दिसतं. तसंच दोन्ही बाजूंनी लिंचचा दोष मिळालेल्या मुलाला लहानपणीच मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात. पॅनेलमध्ये एमयूटीवायएच आहे का, हे विचारून घ्या.

'व्हीयूएस' असा शेरा आला तर त्यावर काहीही करू नये. ऑपरेशन नाही, नातेवाइकांची तपासणी नाही. अर्थ न लागलेला बदल, इतकाच त्याचा अर्थ. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारा. भारतीय लोकांचा डेटा अजून कमी असल्यामुळे असे शेरे आपल्याकडे जास्त येतात. दोष पक्का ठरला, एमएलएच१ किंवा एमएसएच२ चा, तर निरोगी नातेवाइकाची कोलोनोस्कोपी २०-२५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी. एपीसीचा असेल तर मुलांची तपासणी १०-१२ व्या वर्षी सुरू होते. लग्नाच्या मुलीचा रिपोर्ट घरात लपवून ठेवल्याने हे वेळापत्रक बदलत नाही.

केमोआधीची छोटी तपासणी

डीपीवायडी. फाइव्ह-एफयू आणि कॅपेसिटॅबिन ही आतड्याच्या कॅन्सरची रोजची औषधं अंगात मोडणाऱ्या एन्झाइमचं हे जनुक. त्यात दोष असलेल्याला नेहमीचा डोस दिला तर तोंड सोलवटणं, जुलाब, पांढऱ्या पेशी कोसळणं, प्रसंगी मृत्यू. युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये उपचाराआधी ही तपासणी सुचवली. एक प्रत सदोष असेल तर डोस निम्म्याने सुरू करतात. ईडीटीए रक्त, छोटी तपासणी, मोठ्या पॅनेलच्या मानाने किरकोळ खर्च. मर्यादा अशी, की नेहमी पाहिले जाणारे चार बदल युरोपीय लोकांवरून निवडलेले आहेत. निगेटिव्ह आलं तरी पहिल्या सायकलनंतर तोंड आणि जुलाब यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. ऑन्कोलॉजिस्टला विचारा, बहुतेक नाही म्हणत नाहीत. रिपोर्ट केमोच्या तारखेआधी हातात यायला हवा, म्हणून निदान होताच पाठवा.

कागद

फॉर्मवर शेवटच्या केमोची तारीख, रक्त चढवलं असेल तर त्याची तारीख, पूर्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर तेही लिहा. ट्रान्सप्लांट झालेल्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, घराण्याची तपासणी त्या रक्तावर करता येत नाही. नावाचा घोळ सगळ्यात जास्त बायकांच्या बाबतीत: ब्लॉकवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, फॉर्मवर नवऱ्याचं नाव मधे. लॅब अशा जोडीला थांबवून ठेवते आणि आठवडा जातो. पॅथॉलॉजिस्टच्या रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर जसाच्या तसा उतरवा. ब्लॉक हा पेशंटचा असतो. पाठवताना पोहोच घ्या आणि काम झाल्यावर तो परत मागा, पुढच्या औषधाच्या वेळी पुन्हा लागतो.

रिपोर्टला दोन ते तीन आठवडे धरून चला. जन आरोग्य योजनेत ऑपरेशन किंवा केमो होत असेल तर ही तपासणी पॅकेजमध्ये आहे असं गृहीत धरू नका, आधी आरोग्यमित्राला विचारा. खासगी विमा असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'उपचार ठरवण्यासाठी आवश्यक' असं लिहून घेतल्याने मदत होते.

पैसे भरताना एकच गोष्ट लेखी घ्या: डीएनए अपुरा निघाला तर पुन्हा रक्त काढणं फुकट आहे का, आणि नव्या नळ्यांचा व कुरिअरचा खर्च कुणाचा.